चेस्टरचा निकाल, एडची खुर्ची

चिकटोवागात चेस्टर गावरोन्स्कीवर कधीच चिडलेलं नाही असं घर सापडणं कठीण आहे. माणूस वाईट नाही. पण नोकरीची सगळी वर्षं त्याने नगरपालिकेचा बर्फ लोटायचा ट्रक चालवला, आणि अमेरिकेतल्या बफेलोच्या आसपास, जिथे हिवाळाभर बर्फ पडतो, हे काम करणाऱ्याच्या वाट्याला प्रेम येत नाही. लोक सकाळी उठून, कंबर धरून, फावड्याने दारापुढचा बर्फ काढायचे. काढून झाला, फावडं भिंतीला टेकवलं, की कोपऱ्यावरून चेस्टरचा ट्रक यायचा आणि रस्त्यातला सगळा बर्फ लोटत त्याच दारापुढे गुडघाभर बांध घालून जायचा. वर खिडकीतून हात हलवायचा. तो हात तो मनापासून हलवायचा, हे लोकांना अजून पटलेलं नाही.

ट्रक मात्र सरळ चालवायचा. ओळ सोडायची नाही. वाटेत कुणाची गाडी उभी असली तर मागे थांबून भोंगा वाजवत राहायचा. वळसा घालणं त्याला कमीपणाचं वाटे. त्याची बायको हेलेन म्हणायची, चेस्टरला स्वर्गात बोलावलं तरी हा आधी दिवा हिरवा व्हायची वाट बघेल. पुढे हेलेन गेली. नोकरी संपली. मुलगी नवऱ्याबरोबर अॅरिझोनाला, जिथे बर्फच पडत नाही अशा मुलखात, राहायला गेली. चेस्टरकडे उरला तो रविवार.

आणि रविवारी तो न्यायाधीश होता.

चर्च सुटलं की मंडळी रिची क्लुबाच्या बारमध्ये जमत. रिचीची बायको मीठ आणि शहाजिरं पेरलेल्या पावात गोमांसाचे पातळ काप भरून ठेवी, सोबत नाकात झिणझिण्या आणणारी पांढऱ्या मुळ्याची चटणी. एक वाजता टीव्हीवर आपल्या संघाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना सुरू होई. बाकी सगळ्या गोष्टींवर कुणीही बोलावं, पण क्वार्टरबॅकबद्दल शेवटचा शब्द चेस्टरचा, असा तिथला रिवाज होता.

क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हाती चेंडू येतो, आणि हरल्यावर ज्याचं नाव घेऊन शिव्या दिल्या जातात तो गडी. पुढे पाच धिप्पाड माणसं भिंतीसारखी उभी राहतात, आणि त्यांच्या आडून त्याने चेंडू लांब फेकायचा असतो. निदान चेस्टरच्या तरुणपणी असंच असायचं. आता मात्र आपल्याकडे डेरियस पेल्हॅम आला होता. पेल्हॅमला भिंतीमागे करमत नसे. जरा गडबड दिसली की हा चेंडू काखोटीला मारून स्वतःच पळत सुटे, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी कळपातल्या कोकरासारखा सगळ्यांच्या पायांतून. तो पळाला ते बरोबर की चूक, यावर अख्खं गाव दोन तुकड्यांत वाटलं गेलं होतं.

"चेस्टर, निकाल?" पडद्यावर पेल्हॅमने भिंत सोडली की नॉर्ब सिकोरा विचारायचा. नॉर्ब पूर्वी दुधाच्या कारखान्यात होता. आता फक्त प्रश्न विचारतो.

चेस्टर ग्लास खाली ठेवायचा. "नको होतं पळायला. आपटणार."

आणि पेल्हॅम आपटायचा. किंवा चेस्टर म्हणायचा, "बरोबर. जाऊ दे त्याला," आणि पेल्हॅम मोकळ्या मैदानात निघून जायचा. चेस्टरचं चुकत नसे. टीव्हीवर बोलणारे माजी खेळाडू चुकायचे, पांढऱ्याशुभ्र दातांचे तज्ज्ञ चुकायचे, चेस्टर नाही. लोक त्याला बघायला शेजारच्या वस्तीतून येऊ लागले होते.

खरी गोष्ट अशी होती की चेस्टरच्या उजव्या कानात इअरफोनची एक बारीक गुंडी असे, आणि तिची तार आतून खिशातल्या रेडिओला जोडलेली असे. लोकांना वाटे ते कमी ऐकू येणाऱ्यांचं यंत्र आहे. म्हणून सगळे त्याच्याशी ओरडून बोलत, आणि तो बिचारा दचकत असे. त्याने लपवलं होतं असंही नाही. कुणी विचारलं नव्हतं. ट्रकमध्ये बसून त्याने इतक्या वर्षांचे सामने रेडिओवरच ऐकले होते. समालोचकाच्या आवाजाशिवाय त्याला खेळ दिसतच नसे. बारमध्ये जुना टीव्ही होता तोवर रेडिओचा आवाज आणि टीव्हीचं चित्र बरोबरीने चालायचं. मग रिचीने छपरावर डिश लावली. चित्र आकाशात जाऊन परत यायचं, आणि त्या फेरीत रेडिओच्या काही क्षण मागे पडायचं. त्या मोसमापासून चेस्टर भविष्यवेत्ता झाला.

त्याला हे ठाऊक होतं का? होतं आणि नव्हतं. काही प्रश्न माणूस स्वतःला विचारत नाही. वयाबरोबर नजर पक्की होते, असं त्याने मनाशी ठरवलं होतं, आणि समालोचकाचं मत नेहमी आपल्यासारखंच पडतं याचा त्याला थोडा अभिमानही होता.

त्याच्याशी वाद घालणारं एकच माणूस त्या बारमध्ये होतं, ते म्हणजे जिनी मालेक. जिनीने हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालत नोकरी केली होती आणि शनिवारच्या रात्री नवरा एडबरोबर पोल्का हा जोडीचा नाच नाचण्यात घालवल्या होत्या. ती पेल्हॅमच्या बाजूची होती.

"तो पळत नाही रे, जागा शोधतो," ती म्हणायची. "तुझ्या ट्रकला ते नाही कळायचं."

"आत्ता आपटेल बघ."

पेल्हॅम आपटायचा. जिनी चेस्टरच्या पावात मुळ्याची चटणी दुप्पट घालायची. चेस्टर डोळ्यांतून पाणी काढत तो पाव संपवायचा, कारण तो तिने दिलेला असायचा. हे सगळ्यांना दिसत होतं. फक्त त्या दोघांना दिसत नसावं, असं बाकीचे सभ्यपणाने मानून चालत.

एड मालेक जाऊन दोन मोसम झाले होते. मैदानावर एड-जिनीच्या शेजारशेजारच्या, मोसमाचे पैसे भरून राखलेल्या दोन खुर्च्या होत्या, एडच्या वडिलांपासून चालत आलेल्या. आमच्याकडे अशा खुर्च्या कुणी सोडत नाही. लोक घर विकतील पण खुर्ची नाही. एडच्या जागी कोण बसणार, हा चिकटोवागात चर्चच्या पायऱ्यांवर बोलला जाणारा विषय होता. सामना बाहेरगावी असला की जिनी बारमध्ये असे; घरच्या मैदानावर असला की कुणालातरी घेऊन तिथे जाई. पुतणीला नेलं, ती सगळा वेळ फोनमध्ये. फादर टिमना नेलं, ते समोरच्या संघावरही दया दाखवायला लागले. नॉर्बला नेलं, तो नुसता विचारत राहिला आणि खात राहिला. परत कुणालाच बोलावणं गेलं नाही. पुढच्या मोसमाची नावं नोंदवायची वेळ जवळ येत होती, आणि दोनपैकी एक खुर्ची सोडून द्यावी की काय, असं जिनी म्हणू लागली होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला, पावावर चटणी थापता थापता ती म्हणाली, "चेस्टर, रविवारी मोकळा आहेस?"

"मी रविवारी इथेच असतो."

"ते मला माहीत आहे. मैदानावर चल. इतका न्याय करतोस, एकदा समोर बसून कर."

 चेस्टर "हो" म्हणाला की नुसती मान हलवली, यावर अजून वाद आहे. ती बाहेर गेल्यावर नॉर्बने त्याच्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं, "ती खुर्ची लग्नाच्या अंगठीसारखी आहे, बाबा! सांभाळून बस!"

चेस्टरला ते ओरडल्याशिवायही ऐकू आलं होतं. त्या आठवड्यात त्याने दोनदा दाढी केली, जी गोष्ट तो ईस्टरलाही करत नसे. त्याला ती खुर्ची हवी होती. ती एडची होती म्हणून नव्हे, मैदान दिसतं म्हणूनही नव्हे. डिसेंबरच्या गारठ्यात कुणीतरी शेजारी बसून आपल्याशी भांडावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते मोठ्याने म्हणण्याची त्याची प्राज्ञा नव्हती.

रविवारी बर्फ भुरभुरत होता. गाड्यांच्या तळावर सकाळपासून शेगड्या पेटल्या होत्या, आणि कुठली तरी पोरं, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, जेवणाच्या टेबलांवर उड्या मारून ती मोडत होती. चेस्टरने लोकरीची टोपी कानांवर ओढली, आत गुंडी घट्ट बसवली आणि एडच्या खुर्चीत अवघडून बसला, जणू खाली अंडी ठेवली आहेत.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात पेल्हॅम पळाला. हजारो माणसं एकदम उठली. जिनी ओरडली, "चेस्टर, निकाल?"

चेस्टर वाट बघत होता. कानात अजून आधीच्याच डावाचं चाललं होतं. मैदानावर तिघांनी मिळून पेल्हॅमला पाडलं, ढीग झाला, ढीग उठला, पेल्हॅमने गुडघ्यावरचा बर्फ झटकला. तेव्हा कुठे समालोचकाचा आवाज चढला आणि चेस्टर ताडकन उभा राहून गरजला, "नको! पळू नको! आपटणार!"

पुढच्या रांगेतला दाढीवाला तरुण मागे वळला. "आजोबा, आपटला. उठलासुद्धा."

जिनीने त्याच्याकडे पाहिलं. "थंडी बाधली का तुला?"

"नाही, म्हणजे, मी सर्वसाधारण म्हणालो."

पुढच्या वेळी त्याने डोळे मैदानावर लावले. पण कान जुने होते, त्यांचं ऐकायची सवयही जुनी. पेल्हॅमने फेकलेला चेंडू पलीकडे झेलला गेला, फटाका उडाला, दाढीवाला तरुण अनोळखी माणसाच्या गळ्यात पडला, आणि मग चेस्टर शांतपणे म्हणाला, "आता फेकेल."

"वा!" दाढीवाला म्हणाला. "आजोबा, काल काय होणार तेही सांगा."

भोवतालच्या दोन रांगा हसल्या. जिनी हसली नाही. तिला खरोखर काळजी वाटू लागली होती. "यंत्र बिघडलंय तुझं. थांब, बघू दे," म्हणत तिने हातमोजा काढला, त्याची टोपी वर केली आणि काही कळायच्या आत गुंडी काढून स्वतःच्या कानात घातली.

तिच्या कानात समालोचक पेल्हॅमचा तो चेंडू आत्ता झेलला गेल्याचं सांगत होता. ज्याने तो झेलला होता तो गडी तोवर कठड्याशी पाणी पीत होता. जिनीने थोडा वेळ ऐकलं. मैदानाकडे पाहिलं. मग चेस्टरकडे.

"हा रेडिओ आहे."

"हो."

"इथे खेळाच्या मागे चालतो."

"दिसतंय तसं."

"आणि रिचीकडे डिश आहे."

 बर्फ चेस्टरच्या भुवयांवर साचत होता, तो त्याने पुसलाही नाही. जिनीच्या तोंडावर आधी हसू आलं, मोठं, खांदे हलवणारं, आणि ते ओसरलं तेव्हा मागे जे राहिलं ते हसू नव्हतं.

"दर वेळी बारमधून घरी जाऊन मी एडच्या फोटोशी बोलत असे," ती म्हणाली. "म्हणायचे, एड, माझी नजर गेली रे. पेल्हॅमला जायची जागा मला दिसते आणि चेस्टर म्हणतो नाही, आणि चेस्टरचंच खरं ठरतं. मला वाटायचं, मी म्हातारी झाले."

चेस्टरला सगळ्या जन्मात एवढं वाईट वाटलं नव्हतं. लोकांच्या दारात बर्फाचे बांध घातल्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं, हे वाटलं. त्याने सांगायचा प्रयत्न केला, की मुद्दाम नव्हतं, की ट्रकमध्ये नेहमी रेडिओच असायचा. पण प्रत्येक वाक्य अर्ध्यात गारठून पडलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मी उठू का? तळावर गाडीपाशी थांबतो."

"बस खाली," जिनी म्हणाली. "पैसे भरलेत त्या खुर्चीचे." तिने गुंडी आणि तार गुंडाळून आपल्या पर्समध्ये टाकली. "आता सांग. निकाल. लागायच्या आधी."

"मला नाही येत."

"ते मला कळलंय. तरी सांग."

आवाजाशिवायचा खेळ त्याने पूर्वी कधी बघितला नव्हता. सगळं भलतंच जलद होतं. चेंडू कुठे आहे हेच कळेना. तो "फेक!" म्हणाला आणि पेल्हॅम पळून अर्धं मैदान कापून गेला. तो "पळ!" म्हणाला आणि पेल्हॅमने फेकलेला चेंडू गुणांच्या रेषेपार झेलला गेला. दाढीवाल्याने आता पद्धतच पाडली, मागे वळून विचारायचा, "आजोबा काय म्हणतात?" आणि मित्राला सांगायचा, "म्हणजे उलटं धर." जिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिच्या बॅगेत टोमॅटोच्या सुपाचा थर्मास होता, त्यातलं अर्धं तिने त्याला दिलं; त्याने ते माफी समजून घेतलं, पण नक्की काय होतं ते विचारलं नाही.

मग हळूहळू त्याला एक गोष्ट दिसायला लागली. त्याच्या इतक्या वर्षांच्या निकालांत पेल्हॅम भिंत का सोडतो हे कधी आलंच नव्हतं. आवाज सांगायचा तो शेवट. आपटला, किंवा सुटला. इथे वरून बघताना भिंतीतला एक गडी मागे सरकलेला दिसे, पलीकडे झेलणाऱ्यांच्या अंगाला दोघं दोघं चिकटलेले दिसत, आणि मधे कुठेतरी, दार किलकिलं व्हावं तशी, फट. ती क्षणभरच असे. त्या क्षणात शेवट कुणालाच माहीत नसतो, पेल्हॅमलाही. चेस्टर खुर्चीच्या कडेवर सरकला. ट्रकमध्ये बसून कधी असं झालं नव्हतं.

सामना अगदी शेवटावर आला तेव्हा आपण थोडे मागे होतो. शेवटची संधी, चेंडू पार न्यायची रेषा हाकेच्या अंतरावर. चेंडू पेल्हॅमच्या हातात आला. भिंत डावीकडून खचली.

"फेक!" जिनी किंचाळली. "अरे फेक!" दाढीवालाही तेच ओरडत होता, सगळं मैदान तेच ओरडत होतं.

"उजवीकडे," चेस्टर म्हणाला. मोठ्याने नव्हे. "जा, उजवीकडे जा."

पेल्हॅम उजवीकडे गेला. फट होती. तो तिच्यातून निघालाच होता; आणि खाली पालथ्या पडलेल्या, समोरच्या संघातल्या एका गड्याने, तोंड बर्फात असताना, नुसता हात लांब केला आणि त्याचा घोटा धरला. रेषा वीतभर राहिली.

हरलो. टोप्या खाली आपटल्या गेल्या. दाढीवाल्याने पेल्हॅमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग मागे वळून, उरलंसुरलं हसत, म्हणाला, "आजोबा, पळ म्हणालात ना? तुमच्यामुळे हरलो."

"पळणं बरोबर होतं," चेस्टर म्हणाला.

"बरोबर? हरलो की!"

"हरलो. पण फेकायला कुणी मोकळं नव्हतं. जागा उजवीकडे होती, तो तिथे गेला. त्या पडलेल्याने घोटा धरला, त्याला कोण काय करणार."

दाढीवाला मान हलवत निघून गेला. जिनी मात्र उभीच राहिली, पर्स छातीशी धरून.

"मी फेक म्हणत होते," ती म्हणाली.

"ऐकलं मी."

"मी. पेल्हॅमची बाजू घेणारी मी. आणि तू म्हणालास पळ."

"सॉरी."

"सॉरी काय! मी घाबरले, चेस्टर. तू नाही घाबरलास." हे तिने असं म्हटलं की कौतुक आहे की तक्रार, चेस्टरला उमगेना. "आता रिचीकडे सगळे फेकायला हवा होता म्हणत बसतील. त्यांना काय सांगशील?"

"आधी रेडिओचं सांगावं लागेल."

"लागेलच. नाहीतर मी सांगेन, आणि मी रंगवून सांगते."

तळावर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. जिनी स्टिअरिंगवर, चेस्टर शेजारी, पाय हीटरपाशी. ती बराच वेळ बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरत होती. समोरची गाडी हलेना, तिच्या समोरची हलेना. उजव्या हाताला कुंपणालगत एक रिकामी पट्टी होती, बर्फाखाली गवत असावं, आणि पुढे कुठेतरी बाहेर पडायची वाट असावी.

जिनीने एकदम स्टिअरिंग फिरवलं. गाडी ओळ सोडून पट्टीवर चढली, मागून भोंगे वाजले. चेस्टरने दाराची मूठ धरली. ओळ न सोडणारा ट्रकवाला अजून त्याच्या अंगात होता.

"बोल," जिनी समोर बघत म्हणाली. "आत्ता बोल. पोहोचल्यावर नाही चालणार."

चेस्टरने पुढे पाहिलं. वायपर फिरत होते. पट्टी मोकळी होती, निदान वळणापर्यंत. वळणापुढचं दिसत नव्हतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

वळण घेतलं आणि समोर साखळी लावलेलं फाटक होतं. फाटकापलीकडे एक पहारेकरी खुर्चीत बसून पावात मांस भरून खात होता. त्याने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं, आणि पाव चावत, ज्या ओळीतून ते आले होते तिकडे बोट दाखवलं.

जिनी स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसायला लागली. चेस्टर मूठ धरूनच होता.

"तरी बरोबर होतं," तो म्हणाला. "तिथून जे दिसत होतं त्याप्रमाणे."

"पुढच्या रविवारी," गाडी मागे घेत, खांद्यावरून बघत जिनी म्हणाली, "जाड मोजे घालून ये. सबंध सामना तू पाय आपटत होतास, मला पेल्हॅमकडे लक्ष देता आलं नाही."